टेलर खोऱ्यातला उबदार वारा आणि वर्गात चुकलेलं एक उत्तर

नववीच्या वर्गात ध्रुवीय प्रदेशांचं हवामान चालू होतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली आमची मराठी शाळा, बाहेर डिसेंबरची सकाळ, निम्म्या मुलांच्या अंगात स्वेटर. मी अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो शुष्क खोऱ्यांबद्दल सांगत होतो. भर हिवाळा, सूर्य कित्येक आठवडे उगवलेला नाही, दरीच्या तळाशी उणे ४० अंश. आणि अशा काळोखात एकाएकी बर्फाच्या पठाराच्या बाजूनं वारा सुटतो आणि तापमान ३० अंशांनी वर चढतं. दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"सर, बर्फावरनं येऊलालंय म्हटल्यावर वारं गारच पाहिजे की. गरम कसं काय?"

मी वर्षानुवर्षं देत आलेलं उत्तर दिलं. पठारावरची हवा अतिथंड, म्हणून जड. जड म्हणून ती उतारावरून घरंगळत खाली येते. खाली येताना दाबली जाते आणि दाबली की तापते. फळ्यावर 'कॅटाबॅटिक वारे' असं लिहिलं. तिनं ते वहीत उतरवून घेतलं, पण समाधान झालेलं दिसलं नाही. तास संपायला आला तेव्हा पुन्हा हात वर.

"जड आहे म्हणून खाली येतंय म्हणालात सर. मग वाटेत गरम झालं की हलकं होणार. हलकं झाल्यावर आणि खाली कशाला येतंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उद्या सांगतो म्हणालो. त्या उद्याला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत काय वाचलं, काय ताडून पाहिलं आणि शेवटी वर्गात काय दुरुस्त केलं, ते इथं सविस्तर मांडतो आहे. माझ्यासारखे भूगोल शिकवणारे पुष्कळ जण हेच चुकीचं उत्तर अजून देत असतील आणि त्यांच्या वर्गात हा दुसरा प्रश्न विचारणारं कुणी नसेल, म्हणून.

जागा

अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्राच्या बाजूला व्हिक्टोरिया लँड आहे. तिथं, त्याच्या दक्षिण टोकाकडं, दक्षिण अक्षांश ७७ ते ७८ च्या दरम्यान, ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांग पूर्व अंटार्क्टिकाच्या अजस्र बर्फाला बांधासारखी आडवी उभी आहे. बर्फ तुंबतो, रांग ओलांडून फारसा पुढं येत नाही. त्यामुळं रांगेच्या समुद्राकडच्या अंगाला काही खोरी उघडी राहिली आहेत. टेलर, राइट आणि व्हिक्टोरिया ही त्यांतली मुख्य. तळाला खडी, वाळू, वाऱ्यानं घासून धार काढलेले दगड. वर्षाकाठी पडणारा हिम पाण्यात मोजला तर ३ ते ५० मिलिमीटर भरतो, आणि त्यातला बराचसा वितळण्याआधीच थेट वाफ होऊन उडून जातो. खानापूरकडं जुलैतला एखादा दिवस एवढा पाऊस सकाळच्या चहाआधी पाडून मोकळा होतो.

रॉबर्ट स्कॉट, एडगर इव्हान्स आणि विल्यम लॅशली हे तिघं १९०३ च्या डिसेंबरमध्ये पठारावरून परतताना टेलर खोऱ्यात उतरले, तेव्हा माणसानं ही जागा पहिल्यांदा पाहिली. आज तिथं स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. १९९३ पासून अमेरिकी शास्त्रज्ञांचा दीर्घ मुदतीचा अभ्यास चालू आहे. त्याआधी न्यूझीलंडचं व्हँडा केंद्र राइट खोऱ्यात होतं. त्याच व्हँडा केंद्रावर ५ जानेवारी १९७४ रोजी १५ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. दक्षिण ध्रुवाच्या इतक्या जवळ १५ अंश म्हणजे आमच्याकडची डिसेंबरची पहाट.

हे प्रकरण मी टेलर खोऱ्यापुरतं धरलं आहे. खोरं साधारण ३५ किलोमीटर लांब. वरच्या टोकाला, म्हणजे पठाराकडं, टेलर हिमनदी आणि तिच्या पायथ्याशी बॉनी सरोवर. मध्ये होर सरोवर. खाली समुद्राकडं फ्रिक्सेल सरोवर. वारा सुटतो तो वरच्या टोकाकडून खालच्या टोकाकडं, पश्चिमेकडून पूर्वेकडं. नकाशा समोर ठेवून बघितलं तर कुणीही म्हणेल, हा वारा पठारावरून उतरून आला. मीही तेच म्हणत होतो.

दाबली की तापते, एवढं खरं

माझ्या उत्तरातला एक भाग बरोबर होता, तो आधी बाजूला काढून ठेवला.

शाळेसमोर हमरस्त्यावर पंक्चरचं दुकान आहे. चौघा मुलांना घेऊन तिथं गेलो. मामांनी कॉम्प्रेसर चालू केला. पाच-सात मिनिटांनी डोक्यापासून टाकीकडं जाणाऱ्या तांब्याच्या नळीजवळ हात नेला तर झळ लागत होती. तिथं यंत्राच्या घर्षणाची उष्णता असते, हेही मुलांना सांगितलं, उगाच सगळं श्रेय दाबाला नको. मग मामांनी ट्रकच्या टायरची पिन दाबली आणि सुसाट सुटलेल्या हवेत एकेकानं बोट धरलं. बोट गारठलं. टायर उन्हात उभा होता, रबर हाताला कोमट लागत होतं, आणि त्यातून येणारी हवा मात्र गार. फुगली की गार होते, दाबली की तापते, बाहेरून कुणी ऊब घालायची गरज नाही. दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं पिनवर तीनदा बोट धरून बघितलं.

डोंगरावरून खाली येणाऱ्या हवेचं तेच होतं. खाली वातावरणाचा दाब जास्त. कोरडी हवा दर किलोमीटर उतरताना सुमारे ९.८ अंशांनी तापते. वाटेत तिच्यात पाणी मिसळत नाही, म्हणून तापता तापता तिची सापेक्ष आर्द्रता कोसळते. आल्प्समध्ये या वाऱ्याला फॉन म्हणतात, रॉकी पर्वताच्या पूर्वेला चिनुक. ऑस्ट्रियाचे हवामानतज्ज्ञ युलियस फॉन हान यांनी १८६६ च्या सुमारास दाखवून दिलं, की फॉनची ऊब सहाराच्या वाळवंटातून आलेली नसून उतरणीतच तयार होते. तोवर बऱ्याच जणांना ती आफ्रिकेतून येते असंच वाटत होतं. म्हणजे वारा जिकडून लागतो तिकडंच त्याचं मूळ शोधण्याची चूक तेव्हाही झाली होती. चिनुकचा झपाटा किती, तर अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात स्पिअरफिश या गावी २२ जानेवारी १९४३ च्या सकाळी दोन मिनिटांत पारा उणे २० वरून अधिक ७ अंशांवर गेला.

आता टेलर खोऱ्याचा ढोबळ हिशोब. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या एका दिवसाचे नाहीत. समजा कड्यांच्या माथ्याच्या पातळीवर, २००० मीटर उंचीवर, हवा उणे ३० अंशांची आहे आणि बाष्पानं पूर्ण भरलेली आहे. ती १०० मीटर उंचीवरच्या तळाशी आली. १.९ किलोमीटर गुणिले ९.८ म्हणजे साडेअठरा अंश. तळाशी पोचेपर्यंत ती उणे साडेअकरा झाली. सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांवरून घसरून २० टक्क्यांच्या आसपास आली. थेंबभरही पाणी न गमावता ही हवा इतकी कोरडी झाली. खोऱ्यातला बर्फ न वितळताच का उडून जातो, ते या एका आकड्यात दिसतं.

पण हिशोबात साडेअठराच अंश मिळाले. निरीक्षणं सांगतात ३०. बाकीचे अकरा-बारा कुठून आले?

साचलेली थंडी

याचं उत्तर आमच्या मुलांना माझ्याआधी ठाऊक होतं, फक्त त्यांना ते ठाऊक आहे हे ठाऊक नव्हतं. डिसेंबरात मलप्रभेच्या काठच्या शेतात पहाटे पाणी पाजायला जाणाऱ्याला विचारा. नदीकाठच्या खोलगट वावरात दात वाजतात आणि बांध चढून माळावर आलं की बरं वाटतं. एका रविवारी मुलांना येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेलं. अंधारातच वर चढलो. उजाडलं तेव्हा खाली सगळी शिवारं धुक्यात बुडालेली, नुसती झाडांची डोकी वर, आणि गडावर अंगातला स्वेटर काढावासा वाटत होता. पायथ्याशी शाळेच्या तापमापकावर १३ अंश होते, वर तटावर १६. एरवी वर जाल तसं गार, ही शिकवण इथं उलटी होते. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. रात्रभर जमीन ऊब सोडते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, खळग्यात साचते, आणि वारा नसेल तर तिथंच बसून राहते.

आपल्याकडं हे एका रात्रीचं साचणं. टेलर खोऱ्यात एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही, म्हणजे रात्र चार महिन्यांची. खोऱ्याच्या तळाशी थंड हवेचं डबकं साचत जातं. माथ्यावर उणे ३० असताना तळाशी उणे ४० असू शकतात. मग वरून फॉन आला की दोन गोष्टी एकदम घडतात. वरची हवा उतरताना साडेअठरा अंशांनी तापते, आणि तळाचं डबकं ढकललं जाऊन तिच्या जागी ही हवा येते. उणे ४० वरून उणे साडेअकरा. साडेअठ्ठावीस अंशांचा फरक इथं भरला.

म्हणजे ३० अंशांची चढण ही सगळी वाऱ्याची कमाई नाही. तिच्यातला मोठा वाटा आधी साचलेली थंडी निघून जाण्याचा आहे. त्यामुळंच हिवाळ्यात हा वारा पाऱ्याला असा उडवतो आणि उन्हाळ्यात, जेव्हा तळाशी डबकं नसतं, तेव्हा तोच वारा तापमानात तेवढा फरक करत नाही.

केंद्रांच्या नोंदींत या घटनेचा क्रमही दिसतो. वारा येण्याआधी खालच्या केंद्रांवर उलटा, म्हणजे समुद्राकडून खोऱ्यात वर जाणारा वारा वाहतो. मग एकदम दिशा फिरते, वेग वाढतो, तापमान उडी घेतं, आर्द्रता पडते. कधी कधी वरच्या केंद्राआधी खालच्या केंद्राला वारा लागतो. हे वाचून मी थबकलो. पठारावरून घरंगळत येणारी हवा आधी वरच्या गावाला लागेल, मग खालच्या. ओढ्याला पाणी आलं तर ते वरच्या वळणाला चुकवून खालच्या वळणावर येत नाही. पण वारा डबक्याच्या वरून तरंगत जाऊन डबकं पातळ असेल तिथं आधी टेकत असेल, तर असं होऊ शकतं. वारा थांबतो तेव्हाही एकदम थांबतो, ऊब मात्र पुढं काही दिवस रेंगाळते, कारण डबकं पुन्हा साचायला वेळ लागतो.

ढकलणारा कोण

आता मुलीचा दुसरा प्रश्न. हलकी झालेली हवा खाली का येते?

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. निव्वळ जडपणामुळं उतरणारा वारा भोवतालच्या हवेपेक्षा थंड असतो तोवरच उतरतो. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर असे खरे कॅटाबॅटिक वारे आहेत. अडेली लँडच्या किनाऱ्यावर डग्लस मॉसन यांच्या तुकडीनं १९१२-१३ मध्ये ते सोसले. तिथं बर्फाच्या उतारावरून सरपटताना हवा दाबानं तापते खरी, पण खालचा बर्फ तिची ऊब शोषत राहतो, म्हणून ती जड राहते आणि वाहत राहते. तसा वारा भोवतालापेक्षा उबदार झाला, तर त्याची चालकशक्तीच संपेल. टेलर खोऱ्यातला वारा तर उबदारही आहे आणि जोरदारही. तेव्हा त्याला खाली आणणारं दुसरं काहीतरी पाहिजे.

ते काय, हे २०१० मध्ये जोहाना स्पीअर्स, डॅनियल स्टाइनहॉफ, हॅमिश मॅकगोवन, डेव्हिड ब्रॉमविच आणि अँड्र्यू मोनॅहन यांनी खोऱ्यांतल्या केंद्रांच्या नोंदी आणि अंटार्क्टिकासाठी चालवलं जाणारं हवामान अंदाजाचं संगणकीय प्रारूप एकत्र ठेवून दाखवलं. खोऱ्यांपासून दूर पूर्वेला, मारी बर्ड लँडच्या किनाऱ्याबाहेर समुद्रावर मोठी चक्री वादळं येऊन बसतात. दक्षिण गोलार्धात अशा वादळाभोवती हवा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरते, म्हणून त्याच्या पश्चिमेच्या अंगाला वारा दक्षिणेकडून येतो. खोऱ्यांच्या डोंगरांवर दाबाचा मोठा फरक तयार होतो. दक्षिण-नैऋत्येकडून येणारा वारा कड्यांवर आदळतो, कडे ओलांडताना हवेत लहरी उठतात, आणि त्या लहरींच्या उतरत्या अंगात वरच्या थरातली हवा खोऱ्यात खेचली जाते. ढकलणारा तो दाबातला फरक. हवा हलकी झाली तरी तिला खाली यावं लागतं, नदीच्या पाण्यात लाकडाचा ओंडका भोवऱ्यात बुडतो तसं.

या शास्त्रज्ञांनी स्पष्टच म्हटलं आहे, की या वाऱ्यांना पठारावरून उतरणारे कॅटाबॅटिक समजण्याची चूक वारंवार होत आली. चुकीचं कारणही कळण्यासारखं आहे. हवा येते दक्षिण-नैऋत्येकडून आणि वरून, पण एकदा खोऱ्यात शिरली की तिला खोऱ्याच्या लांबीनंच जावं लागतं. तळाशी बसवलेलं यंत्र इमानानं 'पश्चिम' असंच दाखवणार. बेळगावच्या गणपत गल्लीत उभं राहून वारा कुठून येतो ते बघा. गल्ली जशी जाते तसाच वारा लागेल. शहरावरून तो कुठल्या दिशेनं चालला आहे, हे गल्लीतल्या पतंगाच्या शेपटीवरून कळणार नाही. त्यासाठी गच्चीवर जायला हवं. शास्त्रज्ञांच्या बाबतीत गच्चीचं काम संगणकीय प्रारूपानं केलं, कारण केंद्रं सगळी गल्लीत होती.

माझी आणखी एक चूक इथं निघाली, ती पाठ्यपुस्तकातल्या आकृतीमुळं. फॉनची आपली नेहमीची आकृती म्हणजे एका बाजूनं चढणारी ओली हवा, माथ्यावर ढग आणि पाऊस, दुसऱ्या बाजूला उतरणारी कोरडी उबदार हवा. चढताना पाऊस पडला की बाष्पातली उष्णता हवेत उरते आणि ती पलीकडं जास्त तापून उतरते. आल्प्समध्ये अनेकदा हे खरं असतं. पण टेलर खोऱ्याच्या पलीकडच्या बाजूला पाऊस नाही, आणि त्या थंडीत हवेत बाष्पच इतकं थोडं, की त्यातून मिळणारी उष्णता जवळपास नगण्य. तिथली हवा पलीकडच्या पायथ्यापासून चढून येतच नाही. ती वरच्या थरातूनच खाली ओढली जाते. आकृतीतला चढता बाण पुसला तरी फॉन शिल्लक राहतो.

आपल्याकडं फॉन आहे का

हे प्रकरण वर्गात मांडताना हा प्रश्न येणारच होता, आणि आला. आंबोलीला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या वर पाऊस. बेळगावला १२०० ते १३००. पुढं अथणीकडं गेलं की ५०० ते ६००. एका मुलाचा मामा अथणीला. तो म्हणाला, तिकडं पावसाळ्यात पण कपडे दिवसात वाळतात, आमच्याकडं चार दिवस दोरीवरच. मग अथणीचा वारा फॉनच की.

मला 'हो' म्हणायचा मोह झाला, कारण उदाहरण घरचं होतं. पण उंच्या बघितल्यावर ते जमत नाही. सह्याद्रीचा कडा कोकणच्या बाजूला तुटलेला आहे. पूर्वेला तो पठारावरच टेकतो. आंबोली सुमारे ७०० मीटरवर, बेळगाव साडेसातशेच्या आसपास, अथणी साडेपाचशेच्या. म्हणजे घाटमाथ्यावरून अथणीपर्यंत हवा उतरते ती फार तर दोनशे मीटर, आणि तापते दोन अंशांच्या आसपास. कपडे वाळायला तेवढ्यानं थोडी मदत होते, पण अथणीच्या कोरडेपणाचं मुख्य कारण वेगळं. पाणी घाटातच पडून गेलेलं असतं आणि पुढं हवेला वर उचलणारं काही नसतं. पर्जन्यछाया म्हटलं की आपण लगेच फॉन म्हणतो, पण दोन्ही वेगळे. टेलर खोऱ्यात पर्जन्यछाया आहेच, शिवाय दोन-दोन किलोमीटरची उतरण आहे. आपल्याकडं उतरण नाही. हे सांगितल्यावर तो मुलगा जरा हिरमुसला, पण मग त्यानंच विचारलं, घाटाखाली उलटं झालं तर? म्हणजे पूर्वेचा वारा पठारावरून तळकोकणात उतरला तर? मग मात्र सात-आठशे मीटरची उतरण मिळते. पूर्वेचं वारं सुटलं की तळकोकणात हवा तापते आणि सुकते, हे तिकडच्या कुणालाही विचारा. तो तपास आम्ही पुढच्या वर्षावर ठेवला आहे.

वाऱ्याच्या फेऱ्यांवर चालणारं हवामान

आता मूळ विषय. हा वारा खोऱ्याचं हवामान किती घडवतो?

थॉमस नायलन, अँड्र्यू फाउंटन आणि पीटर डोरान यांनी २००४ मध्ये याचं मोजमाप दिलं. त्यांनी वाऱ्याला तेव्हाच्या रूढ नावानं कॅटाबॅटिकच म्हटलं होतं, पण नाव बदललं तरी मोजलेलं तापमान बदलत नाही. त्यांच्या हिशोबानं हिवाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये, या वाऱ्याची वारंवारता एका टक्क्यानं वाढली की सरासरी तापमान एका अंशानं वाढतं. खोऱ्यात दर १० किलोमीटर वर, पठाराकडं गेलं की हिवाळी घटना १४ टक्क्यांनी वाढतात. परिणाम असा, की उंचीनुसार तापमान घटण्याचा नियमच तिथं झाकोळला जातो. आपण शिकवतो, वर जाल तसं गार. टेलर खोऱ्यात हिवाळ्यात वरच्या टोकाला वारा जास्त, म्हणून ऊब जास्त. वर्षाच्या सरासरीत हा वारा जागेप्रमाणे ०.७ ते २.२ अंशांची भर घालतो.

शेजारच्या व्हिक्टोरिया खोऱ्यात व्हिडा सरोवर एका वाडग्यासारख्या खळग्यात आहे. तिथं हिवाळ्यात हा वारा क्वचितच तळापर्यंत पोचतो, डबकं तसंच राहतं. १९८६ ते २००० या काळातल्या नोंदींत शुष्क खोऱ्यांच्या तळाची वार्षिक सरासरी उणे १४.८ पासून उणे ३० अंशांपर्यंत पसरलेली आहे. एवढ्याशा प्रदेशात पंधरा अंशांचा फरक! अक्षांश जवळजवळ तोच, सूर्य तोच. वाऱ्यानं कुठलं खोरं किती वेळा झाडून काढलं, याला या फरकात फार मोठी जागा आहे.

आणि हे नुसतं पाऱ्याचं प्रकरण नाही. खोऱ्यातल्या ओढ्यांना पाणी येतं ते फक्त उन्हाळ्यात, हिमनद्या वितळून, वर्षातून काही आठवडे. राइट खोऱ्यातली ऑनिक्स नदी अंटार्क्टिकातली सर्वांत लांब, तरीही सुमारे ३० किलोमीटरच, आणि समुद्राकडं न जाता आत, व्हँडा सरोवराकडं वाहते. उन्हाळ्यात तापमान शून्याच्या काठावर घुटमळत असतं. एखादा अंश इकडं की बर्फ, तिकडं की पाणी. १९८६ ते २००० दरम्यान ही खोरी दर दशकात ०.७ अंशांनी थंड होत गेली. तेवढ्यानं सरोवरांमधली प्राथमिक उत्पादकता, म्हणजे तिथली शेवाळं उजेडावर जेवढं अन्न तयार करतात ते, दरवर्षी ६ ते ९ टक्क्यांनी घटली आणि मातीतल्या सूक्ष्म प्राण्यांची संख्या दरवर्षी १० टक्क्यांहून जास्त. त्या मातीत सर्वांत जास्त आढळणारा प्राणी म्हणजे डोळ्यांना न दिसणारा सूत्रकृमी. तिथं वाघही तोच आणि हत्तीही तोच.

मग २००१-०२ चा उन्हाळा आला. असाधारण उबदार. ओढे फुगले, आणि सरोवरांनी १४ वर्षांत जेवढी पातळी गमावली होती तेवढी त्या एका उन्हाळ्यात परत मिळवली. चौदा वर्षांची तूट तीन महिन्यांत भरून निघाली! आमच्याकडं दोन वर्षं तळ दाखवणारं धरण एका पावसाळ्यात सांडव्यावरून वाहिलं तरी लोक नारळ घेऊन जातात. उन्हाळ्यातल्या अशा वितळीच्या लाटांमागं फॉन वाऱ्याचा हात असतो, हे पुढच्या अभ्यासांतून पुढं आलं.

इथं नावाची गोष्ट कामाची होते. वारा कॅटाबॅटिक मानला, तर उद्या खोऱ्याचं काय होणार हे सांगायला पठार किती थंड होतं ते बघायचं. फॉन मानला, तर रॉस समुद्राकडं आणि मारी बर्ड लँडच्या किनाऱ्याकडं बघायचं, वादळं कुठं बसतात, किती येतात, ते मोजायचं. २००६ च्या तुलनेत २००७ मध्ये फॉनच्या घटना १० टक्क्यांनी जास्त झाल्या, आणि त्या वर्षी रॉस समुद्राच्या परिसरात दाबाचा फरकही जास्त तीव्र होता. पठारावर नजर लावून बसलेल्याला हे वाढलेलं दहा टक्के कळलंच नसतं. मी इतकी वर्षं मुलांना चुकीच्या दिशेला बघायला लावत होतो, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात वर्गात गेलो आणि फळ्यावर जुनं उत्तर लिहून त्यावर काट मारली. कुठं चुकलो ते सांगितलं, आणि तिच्या प्रश्नामुळं कळलं हेही सांगितलं. ती खाली मान घालून हसली. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी टेलर खोऱ्याचा तक्ता करायचं ठरवलं. बॉनी, होर, फ्रिक्सेल निळ्या रंगात, तळाशी साचलेल्या थंडीचा राखाडी पट्टा, त्यावरून वाकत येणारी लहर. पहिल्या कच्च्या चित्रात वाऱ्याचा बाण एकच होता, पश्चिमेकडून. तिनं खोडरबरानं तो अर्धा पुसला आणि वरच्या कोपऱ्यातून, डोंगराच्या डोक्यावरून तिरपा दुसरा काढला. दोन्ही बाणांखाली तिनं आपल्या अक्षरात लिहिलं आहे: 'वारा लागतो पश्चिमेकडून. हवा येते दक्षिण-नैऋत्येकडून, वरून.'